सुट्टी ठरलेली, बर्फ बेभरवशाचा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील आणि मध्यभागातील राज्यांत राहणाऱ्या सुस्थित कुटुंबांमध्ये नाताळ ते नववर्ष या काळात स्कीइंगसाठी पश्चिमेकडे जाण्याची प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतर चांगलीच रुजली असून, या पश्चिमेत कोलोरॅडो, युटा, आयडाहो, वायोमिंग आणि मोंटाना या रॉकी पर्वताच्या राज्यांबरोबरच कॅलिफोर्नियाच्या पूर्व भागातील सिएरा नेवाडा पर्वतरांगेचाही समावेश होतो. शाळांना या काळात बहुधा दोन आठवड्यांच्या आसपास सुट्टी असते, कार्यालयांतील कामकाजही थंडावलेले असते, आणि आईवडील, मुले व क्वचित आजी-आजोबा अशी तीन पिढ्यांची मंडळी विमानाने डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटी गाठून तेथून मोटारीने डोंगर चढू लागतात. मात्र या प्रथेत एक अंगभूत विसंगती आहे. सुट्टीच्या तारखा वर्षभर आधी ठरलेल्या असतात, बर्फाच्या नसतात. पश्चिमेच्या पर्वतांवरील बर्फाचा साठा नोव्हेंबरपासून वाढत जाऊन मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या आरंभी कमाल पातळीला पोहोचतो. म्हणजेच ज्या आठवड्यात गर्दीचा कळस होतो, त्या आठवड्यात हा साठा सर्वसाधारण वर्षी निम्म्यावरही आलेला नसतो. स्की-व्यवसायातील यंत्रसामग्री, दरपत्रके, नोकरभरती आणि सुरक्षाव्यवस्था यांचा उलगडा या तफावतीच्या अनुरोधाने पाहिल्यास पुष्कळसा होतो.

मुळात इतक्या दूर जाण्याचे कारण बर्फाच्या प्रतीत आहे. व्हर्माँट, न्यू हॅम्पशायर या पूर्वेकडील राज्यांतही स्कीइंगची जुनी केंद्रे आहेत. परंतु तेथील डोंगर तुलनेने ठेंगणे असून ऐन हिवाळ्यातही मधूनच पाऊस पडतो, बर्फ वितळतो आणि रात्रीच्या थंडीत पुन्हा गोठून उतारावर कडक, निसरडा थर तयार होतो. पश्चिमेत पॅसिफिक महासागरावरून येणारी वादळे आधी सिएरा नेवाडावर पुष्कळसा ओलावा टाकतात आणि पुढे वाळवंटी प्रदेश ओलांडून अधिक थंड, कोरड्या हवेसह युटातील वॉसॅच रांगेवर येऊन धडकतात. ताज्या बर्फाच्या थरात पाण्याचे प्रमाण सिएरात साधारण १२ टक्के, तर वॉसॅचमध्ये ८ ते ९ टक्क्यांच्या आसपास असते आणि उरलेली सारी हवाच असते. अशा हलक्या, भुसभुशीत बर्फाला स्की करणारे ‘पावडर’ म्हणतात. सॉल्ट लेक सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरांवर आहे, तर तिच्याजवळच्या लिटल कॉटनवुड दरीतील आल्टा या स्की-केंद्राचा पायथाच सुमारे २,६०० मीटरांवर आहे. वादळाला एवढ्या थोड्या अंतरात एवढे उंच चढावे लागत असल्याने त्यातील बाष्प झपाट्याने गोठते आणि आल्टाला वर्षाकाठी सरासरी साडेबारा मीटरांहून अधिक बर्फ पडतो. या वैभवाचे श्रेय लोक शेजारच्या खाऱ्या सरोवराला देतात खरे, पण सरोवराच्या बाष्पाचा वाटा एकूण हिमवृष्टीत अल्पच आहे. मोठा वाटा डोंगराच्या चढणीचा.

पश्चिमेकडील या सहलींच्या उगमाशी एक रेल्वे कंपनी आहे. युनियन पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांनी मंदीच्या काळात प्रवासी वाहतूक वाढवण्याच्या हेतूने फेलिक्स शाफगॉच या ऑस्ट्रियन सरदाराला पश्चिमेत युरोपच्या तोडीची जागा शोधण्यास पाठवले, आणि त्याने आयडाहोतील केचम या खाणींच्या उतरत्या काळातील गावाजवळची जागा पसंत केल्यावर तेथे सन व्हॅली हे केंद्र उभारण्यात आले. ओमाहा येथे कंपनीच्या सेवेत असलेले अभियंते जेम्स करन यांना केळ्यांचे घड जहाजावर चढवणाऱ्या आकड्यांच्या फिरत्या दोराची माहिती होती. त्यांनी आकड्याच्या जागी खुर्ची टांगून माणसाला डोंगरावर नेण्याची युक्ती काढली आणि त्यातून जगातील पहिली चेअरलिफ्ट जन्माला आली. तोवर उतार चढण्यासाठी फिरत्या दोराला हातांनी धरून ओढले जाणे किंवा स्की खांद्यावर टाकून पायी चढणे हेच प्रमुख मार्ग होते, त्यामुळे हा धडधाकट तरुणांचा खेळ होता. लहान मुले आणि मध्यमवयीन आईबाप एकाच डोंगरावर दिवसभर रमू शकतील अशी सोय या खुर्चीने केली. कौटुंबिक स्की-सहलीचे जनकत्व कोणाला द्यायचेच झाले, तर ते कोणा नावाजलेल्या खेळाडूऐवजी केळ्यांच्या या दोरालाच द्यावे लागेल. सन व्हॅलीचे उद्घाटन २१ डिसेंबर १९३६ रोजी, म्हणजे नाताळचा मुहूर्त साधून झाले, आणि नेमक्या त्याच वेळी उतारांवर पुरेसा बर्फ नव्हता. बर्फ पडेपर्यंत पाहुण्यांच्या मुक्कामाचा भार कंपनी उचलील, असे हॅरिमन यांना जाहीर करावे लागले.

महायुद्धाने या खेळाला माणसे पुरवली. कोलोरॅडोतील कॅम्प हेल येथे डोंगरी युद्धासाठी प्रशिक्षित झालेल्या अमेरिकी सैन्याच्या दहाव्या पर्वतीय डिव्हिजनमधील अनेक सैनिक इटलीतील लढाईनंतर मायदेशी परतून स्की-प्रशिक्षक, गस्तकरी वा उद्योजक झाले. त्यांपैकी पीट सायबर्ट यांनी सहकाऱ्यांसह उभारलेले व्हेल हे केंद्र डिसेंबर १९६२ मध्ये खुले झाले. पश्चिमेतील बहुतेक मोठी केंद्रे खासगी मालकीची वाटली तरी त्यांचे उतार बव्हंशी राष्ट्रीय वनभूमीवर आहेत, आणि कंपन्या वनखात्याकडून परवाना घेऊन, उत्पन्नाच्या प्रमाणात शुल्क भरून ते वापरतात.

डिसेंबरमधील तुटवड्यावर पहिला उपाय म्हणजे कृत्रिम बर्फ. तो १९५० च्या सुमारास पूर्वेकडील कनेक्टिकट राज्यात प्रथम तयार करण्यात आला, आणि बर्फाबाबत स्वतःला संपन्न समजणाऱ्या पश्चिमेने तो पुढे दुष्काळी हंगामांचे चटके बसल्यावर स्वीकारला. दाबाखालील हवा आणि पाणी यांचे सूक्ष्म तुषार थंड हवेत उडवले की ते जमिनीवर येईपर्यंत गोठतात, एवढेच त्याचे तत्त्व; परंतु केवळ तापमान शून्याखाली असणे पुरत नाही. हवेच्या आर्द्रतेवरही बरेच अवलंबून असते, कारण कोरड्या हवेत तुषारांतील काही पाण्याची वाफ होताना उरलेले पाणी अधिक थंड होते, आणि म्हणूनच पश्चिमेच्या कोरड्या हवेत शून्याच्या जवळपासच्या तापमानालाही हे काम साधते. नोव्हेंबरच्या रात्री ही यंत्रे सतत चालवून मोजक्या उतारांवर जो पाया घातला जातो, त्याच्यावर नाताळचा आठवडा पुष्कळदा निभावतो. पहाटेपूर्वी ‘स्नोकॅट’ नावाची रुंद पट्ट्यांची वाहने हा बर्फ दाबून, त्यावर बारीक समांतर रेघा उमटवून जातात. नवशिक्याला पाय रोवता यावेत यासाठी ही मशागत अत्यावश्यक असते, आणि ज्या पावडरसाठी एवढा प्रवास केला ती अनेक कुटुंबांच्या वाट्याला अखेरपर्यंत येत नाही.

अपुऱ्या बर्फाचा दुसरा परिणाम अधिक गंभीर असून तो सहसा पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. जमिनीलगतचे तापमान शून्य अंशाच्या आसपास टिकून असते, तर वरची हवा, विशेषतः कोलोरॅडोत, उणे वीसपर्यंत उतरते. मधला बर्फाचा थर पातळ असेल तर थोडक्या जाडीत तापमानाचा मोठा फरक पडतो, बर्फातील बाष्प खालून वर सरकते आणि तळाशी कोनदार कण तयार होतात, जे जाड्या साखरेसारखे सुटे राहून एकमेकांना धरत नाहीत. अशा कच्च्या पायावर पुढे मोठ्या वादळाचा भार पडला की वरचा सबंध थर एकाएकी निसटतो. यालाच हिमस्खलन म्हणतात, आणि हंगामाच्या आरंभी तुटपुंजा बर्फ व नंतर जोरदार हिमवृष्टी हा क्रम त्याला फार पोषक असतो. केंद्राच्या हद्दीतील उतार सुरक्षित ठेवण्याचे काम गस्तीपथकाकडे असते. त्यातील माणसे उजाडण्यापूर्वी डोंगरावर जाऊन संशयास्पद उतारांवर स्फोटके टाकतात, जेणेकरून जे कोसळायचे ते माणसे येण्यापूर्वीच कोसळावे, आणि दिवसा तीच माणसे जखमींना स्ट्रेचरच्या घसरगाडीवरून खाली आणतात. आल्टा येथे वनखात्याच्या माँटी अ‍ॅटवॉटर यांनी महायुद्धानंतर या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला आणि हिमकडे पाडण्यासाठी सैन्याच्या तोफाही वापरात आणल्या. त्या दरीत आजही धोका वाढला की ‘इंटरलॉज’ जाहीर होतो. त्या काळात हॉटेलच्या दाराबाहेर पाऊल टाकणे बेकायदा ठरते, रस्ता बंद होतो आणि पाहुणे खिडकीतून कोसळता बर्फ पाहत बसतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये हे नजरकैदेचे पर्व सुमारे ६० तास चालले होते.

प्रत्यक्ष सहलीत कुटुंबाचा पहिला अर्धा दिवस भाड्याच्या सामानाच्या दुकानात जातो. कडक प्लास्टिकचा बूट घोट्याला जखडून ठेवतो, आणि तो स्कीवर ज्या यंत्रणेने अडकवला जातो तिला ‘बाइंडिंग’ म्हणतात. पडताना पाय पिळवटण्याआधी बूट स्कीपासून सुटावा, पण साध्या वळणावर मात्र सुटू नये, असा तोल तिला सांभाळावा लागतो. त्यासाठी दुकानदार प्रत्येकाचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीइंगमधील कौशल्य विचारून कोष्टकावरून स्प्रिंगचा ताण ठरवतो. येथे वजन चारचौघांत कमी सांगण्याचा किंवा कौशल्य फुगवून सांगण्याचा मोह गुडघ्याला महागात पडू शकतो. लहान मुलांना स्कीची पुढची टोके जवळ आणून मागची फाकवायला, म्हणजे ‘पिझ्झा’ करायला शिकवतात, आणि त्याने वेग आवरतो. दोन्ही स्की समांतर ठेवण्याला ‘फ्रेंच फ्राइज’ म्हणतात. ही मुले चेअरलिफ्टऐवजी ‘मॅजिक कार्पेट’ नावाच्या जमिनीलगतच्या सरकत्या पट्ट्यावर उभी राहून छोटा उतार चढतात, आणि तीन-चार दिवसांत बहुधा आईवडिलांना मागे टाकतात. उतारांच्या खुणा हिरवे वर्तुळ, निळा चौकोन आणि काळा हिरा अशा चढत्या अवघडपणाच्या असतात; मात्र ही प्रतवारी त्या-त्या केंद्रापुरतीच असल्याने एका डोंगरावरचा निळा उतार दुसरीकडच्या काळ्याइतका कठीण निघू शकतो.

उंचीचा त्रास हा या सहलीतील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. कोलोरॅडोतील ब्रेकेनरिज हे गावच सुमारे २,९०० मीटरांवर असून तेथील सर्वांत उंच चेअरलिफ्ट ३,९०० मीटरांपर्यंत नेते. समुद्रकाठच्या शहरातून सकाळी निघालेले कुटुंब संध्याकाळी तेथे झोपायला पोहोचते, आणि डोकेदुखी, मळमळ, झोपमोड यांत पहिला दिवस वाया जातो. आधीची एक रात्र डेन्व्हरला काढणे, भरपूर पाणी पिणे आणि मद्य टाळणे हा जुनाच सल्ला आहे, पण सुट्टीचे दिवस मोजके असल्याने तो पाळला जात नाही. कॅलिफोर्नियाच्या बे एरियातील मराठी कुटुंबांना अशा सहलीसाठी सोयीचे ठिकाण म्हणजे टाहो सरोवराचा परिसर. सॅन फ्रान्सिस्कोहून तो सुमारे ३०० किलोमीटरांवर, आणि गंमत अशी की पूर्वेला आहे. वादळात वाटेवरच्या घाटात चाकांना साखळ्या बांधल्याखेरीज अनेक वाहने पुढे सोडत नाहीत, आणि चार तासांचा रस्ता दहा तासांचा होतो.

गर्दीच्या या आठवड्यात मनुष्यबळ कोठून येते, याचे उत्तरही कालगणनेतच सापडते. पेरू, अर्जेंटिना, चिली येथील विद्यापीठांना डिसेंबर ते मार्च उन्हाळ्याची सुट्टी असते, त्यामुळे तेथील विद्यार्थी तात्पुरत्या व्हिसावर येऊन लिफ्ट चालवणे, खोल्या आवरणे, उपाहारगृहात वाढणे ही कामे करतात. पैशाच्या बाजूनेही बर्फाचा बेभरवसा कंपन्यांनी कौशल्याने दुसऱ्याच्या गळ्यात बांधला आहे. व्हेल रिसॉर्ट्सने २००८ मध्ये ‘एपिक’ आणि तिच्या प्रतिस्पर्धी अल्टेरा कंपनीने २०१८ मध्ये ‘आयकॉन’ हा अनेक केंद्रांवर चालणारा हंगामी पास बाजारात आणला. मोठ्या केंद्रांवर ऐन सुट्टीतील एका दिवसाचे तिकीट ३०० डॉलरच्या पुढे गेले असताना पास साहजिकच स्वस्त वाटतो. परंतु त्याची विक्री वसंतात सुरू होऊन डिसेंबरच्या आरंभाच्या सुमारास थांबते, म्हणजे हंगामातील बर्फाचे चित्र स्पष्ट होण्यापूर्वी ग्राहकाचे पैसे कंपनीकडे जमा झालेले असतात.

या रचनेतील सर्वांत नाजूक दुवा कोणता, हे २०२४ च्या नाताळात दिसले. व्हेल रिसॉर्ट्सच्या युटातील पार्क सिटी केंद्रातील सुमारे २०० गस्तकऱ्यांच्या संघटनेने आरंभीचे वेतन ताशी २१ डॉलरवरून २३ डॉलर करण्याच्या प्रमुख मागणीसाठी २७ डिसेंबरपासून संप पुकारला. त्या हंगामात बर्फ आधीच कमी होता, आणि ज्या उतारांची तपासणी झालेली नाही ते उघडता येत नसल्याने केंद्राचा थोडाच भाग चालू राहिला. हजारो डॉलर मोजून आलेली कुटुंबे लिफ्टखालच्या रांगांत तिष्ठत राहिली. ८ जानेवारी २०२५ रोजी, सुट्टीची गर्दी ओसरल्यावर, करार झाला आणि वेतनवाढ मिळाली. संपाच्या दिवसांत तेथे आलेल्या पाहुण्यांना कंपनीने नंतर भरपाईही देऊ केली, पण ती रोख नव्हती. पुढील हंगामाच्या खरेदीवरील सवलतीच्या रूपात होती.