विश्लेषण : वायफाय आहे, मग गाणे मध्येच का अडकते?

मुंबई-गोवा महामार्गावर, गगनबावडामार्गे कोल्हापूरला जाणारा रस्ता जेथून फुटतो, त्या तळेरे परिसरात आता वाडीवस्तीवरही फायबरची केबल पोहोचली आहे. शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेतलेल्या घरातही पडवीत बसून भजन लावले की दोन मिनिटांत पडद्यावर गोल चक्र फिरू लागते. गणपतीला चाकरमानी आले की एका राउटरवर पंधरा फोन चढतात आणि ऐन आरतीत आवाज बंद. अशा वेळी बहुतेक जण मोठा प्लॅन घेतात. हा खर्च बहुधा वाया जातो.

गाण्याला वेग किती लागतो?

फारच कमी. उत्तम दर्जाचे गाणे सेकंदाला साधारण ३२० किलोबिट डेटा घेते. दहा जणांनी दहा वेगवेगळी गाणी लावली तरी एकूण गरज ३.२ एमबीपीएस. केंद्र सरकारने २०२३मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा २ एमबीपीएस केली. तेवढ्यातही पाच-सहा जणांचे संगीत चालावे. म्हणजे अडचण नळाच्या जाडीची नाही, पाणी मध्येमध्ये बंद होण्याची आहे. ॲप पुढची काही सेकंदे आधीच उतरवून ठेवते. संपर्क त्याहून जास्त वेळ तुटला की साठा संपतो आणि गाणे थांबते. थेट प्रक्षेपणात, म्हणजे ऑनलाइन रेडिओत, हा साठा आणखी लहान असतो. त्यामुळे रेडिओ आधी अडकतो.

दोष वायफायचा की लाइनचा?

हे आधी ठरवा, नाहीतर सगळी खटपट फुकट. फोन घेऊन राउटरपासून चार-पाच फुटांवर उभे राहा आणि तेच गाणे लावा. तिथे नीट वाजले आणि पडवीत अडकले तर दोष घरातल्या वायफायचा. राउटरजवळही अडकत असेल तर पेटीवरचे दिवे पाहा. ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल झाला असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. फांदी पडून केबल तुटली असेल किंवा जोड निसटला असेल. तिथे राउटर बंद-चालू करून काही होत नाही. केबलवाल्याला ‘नेट स्लो आहे’ असे न सांगता ‘एलओएस लाल आहे’ असे सांगा. काय दुरुस्त करायचे ते त्याला लगेच कळते.

चिऱ्याच्या भिंती आड येतात का?

येतात, आणि कोकणात हेच मुख्य कारण असते. राउटर दोन पट्ट्यांवर चालतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाच गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंत ओलांडताना ती लवकर दमते. त्यात आपली भिंत जांभ्या चिऱ्याची, नऊ इंचांची. जुन्या घरात याहूनही जाड. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात ओल धरतो आणि पाणी या लहरी शोषून घेते. मे महिन्यात माजघरातून पडवीपर्यंत येणारे वायफाय जुलैत उंबऱ्यावरच का थांबते, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. लोखंडी कपाट, आरसा, पत्र्याची शेड यांच्यापलीकडे तर फारसे काही जातच नाही.

मग करायचे काय?

पहिला उपाय फुकटचा. केबल जिथून घरात शिरली तिथेच राउटर ठेवला जातो : कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे, नाहीतर शोकेसच्या आत. तो घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर आणा. दारांची सरळ रेघ मिळाली तर उत्तम, कारण लहरींना दार भिंतीपेक्षा सोपे. फायबरची तार स्वतः ओढू नका. तीव्र वाकवली की काच तुटते.

दुसरे म्हणजे दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे द्या. दूरच्या खोलीतला फोन आणि स्पीकर २.४वर ठेवा. गाण्याला तेवढा वेग भरपूर झाला. बाजारपेठेत दुकानाला लागून दुकान, तिथे २.४वर गर्दी असते. तिथे १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळे चॅनेल निवडा. वाडीत शेजारचे घर माडांपलीकडे असेल तर या भानगडीत पडायची गरज नाही.

तरीही खळ्यापर्यंत पोहोचत नसेल तर? दुकानदार रिपीटर पुढे करतो. तो जिथे सिग्नल नाही तिथे लावून उपयोग नसतो; जिथे सिग्नल अजून बरा आहे, तिथे अर्ध्या वाटेवर लावावा लागतो. साधा रिपीटर वेग जवळपास निम्मा करतो, पण संगीताला तेही चालते. त्याहून भरवशाचा मार्ग म्हणजे लॅन केबल ओढून पडवीत दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावणे. केबलला चिऱ्याची फिकीर नसते.

वीज आणि विजा

लाइट क्षणभर गेली तरी राउटर पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेतो. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस ही अडचण मिटवतो. घेताना ॲडाप्टरवरचा व्होल्ट आणि ॲम्पिअरचा आकडा जुळवून घ्या. परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की मात्र प्लग काढलेलाच बरा.

वायफाय निर्दोष असेल तर?

स्क्रीन बंद होताच गाणे थांबत असेल तर संशय फोनवर घ्या. बॅटरी वाचवणारी सेटिंग मागे चालणारे ॲप बंद करते. त्या ॲपला तिथे सूट द्या. डबलबारीचे व्हिडिओ फक्त ऐकायचे असतील तर चित्राचा दर्जा १४४पी करा, डेटाची मागणी कितीतरी उतरते. आणि आरत्यांची यादी चतुर्थीच्या आदल्या रात्रीच फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा, म्हणजे पाहुण्यांचे पंधरा फोन काय ते खुशाल वायफाय वापरू देत.