चाकोरीबाहेर (भाग ९) : स्नॉर्केलचा पाइप उंच, पण बाकीची तोंडे?

मागच्या आठवड्यात आपण टायरमधली हवा पाहिली. काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर ती किती कमी करायची आणि डांबरी रस्त्याला लागल्यावर पुन्हा का भरायची, हे समजून घेतले. आपल्याकडे चिखल संपतो तिथे बहुतेक वेळा नाला सुरू होतो, म्हणून आजचा विषय पाण्याचा. थार, बोलेरो किंवा जुनी जिप्सी बाळगणारे पावसाळ्याच्या तोंडावर दोन गोष्टी विचारतात. गाडीला स्नॉर्केल बसवावे का? आणि बसवले तर नाल्यातून गाडी निघेल का? पहिल्याचे उत्तर असे, की काम नीट होणार असेल तर जरूर बसवावे. दुसऱ्याचे उत्तर स्नॉर्केल देऊच शकत नाही. हा फरक ज्याला कळला, त्याचा पैसाही वाचतो आणि जीवही.

इंजिनाला पाणी का सोसत नाही

हवा दाबली की आकसते, पाणी दाबून आकसत नाही. सगळे नुकसान इथून सुरू होते. २.२ लिटरचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन घ्या. प्रत्येक सिलिंडर एका वेळी सुमारे ५५० मिलिलिटर हवा ओढतो. पिस्टन वर जातो तेव्हा ही हवा साधारण साडेसोळा पट दाबली जाते आणि वरच्या टोकाला जेमतेम ३५ मिलिलिटर जागा उरते. त्या जागेत मावणार नाही इतके पाणी आत गेले, की पिस्टन वरपर्यंत पोचू शकत नाही. मात्र फ्लायव्हील आणि बाकीचे सिलिंडर त्याला ढकलतच राहतात. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी तुटून ब्लॉक फोडतो. गॅरेजमध्ये ‘इंजिनाने पाणी ओढले’ म्हणतात ते हेच.

ही ओढही थोडी नसते. हेच इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर त्या एका मिनिटात सुमारे २२०० लिटर हवा आत घेते, टर्बो असेल तर आणखी. हवा आत घेणारे तोंड बऱ्याच गाड्यांत हेडलाइटच्या मागे किंवा फेंडरच्या आत असते. गाडी पाण्यात शिरताना पुढे लाट उठते आणि ती याच उंचीवर आदळते. म्हणून पाणी मोजताना गुडघ्याएवढे वाटले, तरी लाट तोंडापर्यंत पोचू शकते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा रस्तोरस्ती गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा वेळचा एक नियम पाठ करून ठेवावा : पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करून पाहायची नाही. उभ्या गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल, तर रॉड वाकायला स्टार्टरची एक फेरीही पुरते. गाडी ओढून बाहेर काढावी. मिस्त्रीने पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग, डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन फिरवावे, आतले पाणी निघू द्यावे आणि मगच पुढचा विचार करावा.

ट्रॅक्टरने आधीच दाखवलेली वाट

स्नॉर्केलचे काम हवेचे तोंड छपराच्या उंचीवर नेण्याचे. कल्पना आपल्याला नवी नाही. वाशिम, रिसोड, मानोरा, कुठल्याही शिवारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांत अनेकांच्या बोनेटवर एक उभा पाइप आणि त्याच्या टोकाला प्री-क्लीनरचे भांडे दिसेल. ती सोय मुख्यतः धुळीसाठी आहे. नांगरताना किंवा कच्च्या रस्त्याने जाताना चाकांच्या उंचीवर धूळ दाट असते आणि वर जावे तशी विरळ होते. उंचावरची हवा घेतली की फिल्टर लवकर तुंबत नाही.

वर्षाचा मोठा भाग कोरडा असणाऱ्या आपल्या जिल्ह्यात जीपच्या स्नॉर्केलचा रोजचा फायदाही हाच आहे. उन्हाळ्यात पांदण रस्त्याने दोन-तीन गाड्या मागोमाग निघाल्या, की मागच्या गाडीचा एअर फिल्टर उघडून पाहावा, म्हणजे पटेल. पाण्यापासूनचे संरक्षण वर्षातून काही दिवस लागते, धुळीपासूनचे महिनोन्‌महिने.

विकत घेताना

फोर्स मोटर्सच्या गुरखाला स्नॉर्केल कारखान्यातूनच लागून येते आणि कंपनी या गाडीची पाण्यातून जाण्याची क्षमता ७०० मिलिमीटर सांगते. २०२० मध्ये आलेल्या थारसाठी महिंद्राने ६५० मिलिमीटर सांगितली आहे, आणि तीही स्नॉर्केलशिवाय. बाहेरून स्नॉर्केल बसवले म्हणून हा आकडा वाढत नाही. कंपनीने तो संपूर्ण गाडीचा विचार करून दिलेला असतो, केवळ हवेच्या तोंडाचा नव्हे.

घेताना आपल्याच मॉडेलचा संच घ्यावा. उन्हाने न तडकणाऱ्या पॉलिथिलीनचा असावा. पाइपची आतली जागा मूळ तोंडापेक्षा कमी नसावी. ७५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर भरते, तर ५० मिलिमीटरच्या पाइपचे २० सुद्धा भरत नाही. व्यास एक तृतीयांश घटला, की वाट निम्म्याहून कमी होते. प्लंबिंगचा पाइप आणि दोन एल्बो जोडून केलेल्या जुगाडाने इंजिन गुदमरते ते यामुळेच : चढावर दम कमी पडतो, डिझेल जास्त जळते, काळा धूर येतो.

बसवण्याचे काम, क्रमाने

पहिले काम कागदाचे. संचासोबत येणारा टेम्प्लेट फेंडरवर चिकटवावा, स्नॉर्केल नुसते धरून पाहावे, दार आणि बोनेट पूर्ण उघडते का हे तपासावे. मग चाकावरचे आतले प्लास्टिक काढून फेंडरच्या मागे काय आहे ते डोळ्यांनी पाहावे. वायरिंगचा गठ्ठा किंवा एसीचा पाइप तिथून जात असेल, तर तो आधी बाजूला घ्यावा. एअरबॅग असलेल्या गाडीत काचेशेजारच्या खांबावर भोक पाडण्याआधी तिची वायर कुठून जाते याची खात्री करून घ्यावी. फेंडरला पाडलेले भोक पुन्हा बुजत नाही, म्हणून मोजमापाला घाई नको.

भोकाच्या जागी पंच मारून आधी बारीक ड्रिल चालवावे, मगच मोठ्या मापाचा होल सॉ लावावा. कापलेली कड कानशीने घासावी, लोखंडाचा कीस ब्लोअरने झाडून काढावा, प्राइमर आणि रंग लावून पूर्ण वाळू द्यावा. ही पायरी टाळली, तर पहिल्याच पावसाळ्यानंतर त्या कडेने गंज धरतो. स्नॉर्केलचे बोल्ट प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांत जातात. जोर लावून आवळले, की ते नट उपटून येतात.

खरी कसोटी फेंडरच्या आत आहे. स्नॉर्केलपासून इंजिनापर्यंत जेवढे सांधे आहेत, ते सगळे हवाबंद असायला हवेत : स्नॉर्केल आणि होज, होज आणि एअर फिल्टरचा डबा, डब्याचे झाकण, डब्यापासून टर्बोपर्यंतचा पाइप. प्रत्येक सांध्याला सीलंट आणि क्लॅम्प हवा. एक जागा मिस्त्रींच्या नजरेतूनही निसटते. अनेक गाड्यांत फिल्टरच्या डब्याच्या तळाला पाणी गळून जाण्यासाठी भोक किंवा रबरी झडप असते. काही गाड्यांत आवाज कमी करणारी वेगळी पेटी असते आणि तिलाही फेंडरमध्ये उघडे तोंड असते. छपरापर्यंत पाइप नेला आणि डब्याच्या तळाचे भोक तसेच ठेवले, तर इंजिन पाणी खालूनच ओढणार. भोक बुजवावे किंवा पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप बसवावी.

काम झाल्यावर चाचणी घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. सर्वांत चांगली चाचणी धुराची : हवेच्या मार्गात कमी दाबाने धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते पाहायचे. ही सोय नसेल, तर इंजिन नुसते चालू ठेवून, रेस न देता, स्नॉर्केलचे तोंड सपाट फळीने क्षणभर झाकावे. इंजिन लगेच दबून बंद पडायला लागले तर सांधे ठीक. आरामात चालत राहिले, तर ते दुसरीकडून हवा घेत आहे, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येईल.

खाली राहिलेली तोंडे

आता मथळ्यातल्या प्रश्नाकडे येऊ. गाडी श्वास घेते ती फक्त इंजिनातून नाही. डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांना आतली हवा मोकळी करण्यासाठी ब्रीदर असतात. तासभर चाललेल्या गाडीच्या डिफरन्शियलमधली हवा ८० अंशांपर्यंत तापलेली आहे असे धरा. ती २५ अंशांच्या पाण्यात उतरली, की आतली हवा थंड होऊन सुमारे सहाव्या हिश्शाने आकसते. ती पोकळी भरायला ब्रीदरमधून किंवा ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. ऑइलला दुधाळ रंग येतो, बेअरिंग आणि दाते झिजू लागतात, आणि बिघाड कळतो तेव्हा पाण्यात गेल्याचे कुणाच्या लक्षातही नसते. म्हणून स्नॉर्केलसोबत ब्रीदरच्या नळ्याही बोनेटखाली उंचावर नेऊन बांधाव्यात.

त्याशिवाय अल्टरनेटर, स्टार्टर, फ्यूजचा डबा, वायरिंगचे कनेक्टर हे सगळे फेंडरच्या उंचीखाली असू शकतात. पट्ट्यावर चालणारा रेडिएटरचा पंखा वेगात पाण्यात बुडाला, तर त्याची पाती वाकून रेडिएटरला लागू शकतात. गाडीची पाण्यातली खरी मर्यादा सर्वांत उंच तोंड ठरवत नाही, तर उघडे राहिलेले सर्वांत खालचे तोंड ठरवते.

आपल्या जिल्ह्याचे पाणी

वाशिम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर आहे. काटेपूर्णा इथे उगम पावून उत्तरेला पूर्णेकडे आणि पुढे तापीच्या खोऱ्यात जाते. अडाण, अरुणावती, पूस यांचे पाणी पैनगंगेच्या वाटेने गोदावरीच्या खोऱ्यात जाते. उगमाजवळच्या नाल्यांची पाणलोट क्षेत्रे लहान असतात. भिजून फुगलेली काळी माती आणि तिच्याखालचा बेसाल्ट जोराच्या पावसाचे पाणी लगेच मुरू देत नाहीत. त्यामुळे पाऊस पडताच नाला चढतो, जोरात वाहतो आणि वरचा पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत उतरतो.

म्हणजे आपल्या रपट्यांवर आणि फरशी पुलांवर येणारे पाणी बहुतांशी वाहते असते, आणि वाहत्या पाण्यापुढे स्नॉर्केलचा काही उपयोग नाही. हिशेब करून पाहा. गाडी सुमारे चार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद धरली, तर तळाचे क्षेत्रफळ सात चौरस मीटर होते. तळाच्या वर दर दहा सेंटिमीटर पाण्यामागे ढोबळमानाने ७०० किलो भार पाणी उचलते. पाणी आत शिरेपर्यंत पावणेदोन टनांची गाडी पंचवीस सेंटिमीटरलाच तरंगायला लागते. त्याच वेळी बाजूने सेकंदाला दोन मीटर वेगाचा प्रवाह अर्धा मीटर उंचीवर धक्का देत असेल, तर तो धक्का चारशे-साडेचारशे किलोंचा असतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. शेवाळलेल्या काँक्रीटवर, भार हलका झालेल्या चाकांची पकड तेवढी नसते. साधारण ६० सेंटिमीटर वाहते पाणी बहुतेक एसयूव्ही आणि पिकअप वाहून नेऊ शकते, हा जगभर सांगितला जाणारा इशारा याच गणितातून आला आहे.

हे कागदावरचे भय नाही. २८ सप्टेंबर २०२१ रोजी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून पाणी वाहत असताना नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी बस वाहून गेली आणि माणसे दगावली. बस कोणत्याही थारपेक्षा कितीतरी जड असते. शिवाय गढूळ पाण्याखाली पुलाची कड शिल्लक आहे की खचली आहे, हे वरून दिसत नाही. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धा होत आली आहे. तिथल्या गाड्यांना स्नॉर्केल असते, पण विंच, दोरखंड आणि सोबतीला सहचालकही असतो. स्पर्धेची ती सगळी व्यवस्था रात्री घरी परतणाऱ्या एकट्या गाडीला नसते.

कागदपत्रे

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मालकाला गाडीत हवे ते बदल करू देत नाही. निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदलासाठी दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून भोक पाडण्याआधी वाशिमच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. साध्या पॉलिसीत पाणी ओढून झालेले इंजिनाचे नुकसान अनेकदा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे जादा कलम आहे का, ते पाहावे. वॉरंटीच्या काळात फेंडर कापला तर ती टिकेल का, हेही विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.

तर निर्णय काय?

धुळीच्या रस्त्याने रोज जाणे असेल, शेतातल्या साचलेल्या, तळ माहीत असलेल्या पाण्यातून अधूनमधून गाडी काढावी लागत असेल, तर स्नॉर्केल बसवावे. हवेचा मार्ग शेवटपर्यंत बंद करून, चाचणी घेऊन आणि ब्रीदर वर नेऊन बसवावे. तरीही पाण्याची उंची कंपनीच्या आकड्याच्या आतच ठेवावी. रपट्यावरून पाणी वाहत असेल, तर स्नॉर्केल असलेली गाडीही अलीकडेच उभी करावी. आपल्या जिल्ह्यातले नाले उतरायला फार वेळ घेत नाहीत, आणि तेवढा वेळ काढणे हेच इथल्या पावसाळी ड्रायव्हिंगमधले सर्वांत मोठे कौशल्य आहे.

पुढच्या भागात : पाण्यातून बाहेर आल्यावर काय तपासायचे? ब्रेक, डिफरन्शियलचे ऑइल, बेअरिंग. शिवाय ब्रीदरच्या नळ्या घरच्या घरी कशा बसवायच्या.