जुन्या गाडीच्या धातूपट्ट्यांची चमक

जुन्या मोटारीचा बंपर, दाराकडेच्या पट्ट्या, पुढची जाळी आणि दिव्यांच्या कड्या वरवर सारख्याच चकाकतात. पण त्यांचा धातू एक नसतो. बंपर बहुधा पोलादाचा असून त्यावर निकेल आणि क्रोमचा मुलामा असतो. पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या असतात. दारांच्या मुठी अनेकदा जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या असून त्यांवर क्रोम चढवलेले असते. धातू ओळखल्याशिवाय हातात पॉलिश पेपर घेणे म्हणजे भाग कायमचा गमावण्याची तयारी होय.

ओळख सोपी आहे. पोलादी बंपरला लोहचुंबक घट्ट चिकटतो. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताला चिकटत नाही. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी हातात हलकी लागते. स्टेनलेसचे काही प्रकार चुंबकाला ओढतात, काही नाही. मात्र पट्टीच्या आतल्या बाजूला मुलाम्याचा थर दिसत नाही.

वऱ्हाडात या धातूंचा मोठा शत्रू पाणी आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा प्रदेश, पसरला आहे. दर्यापूर, अकोटकडच्या बोअरच्या पाण्याने गाडी धुतली आणि ती उन्हात तशीच सोडली, की प्रत्येक थेंबाच्या जागी मिठाचे पांढरे कडे उरते. पावसाळ्यात ते मीठ ओल धरते. त्यातले क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर फोडते आणि बारीक खड्डे पाडते. क्रोमच्या सूक्ष्म भेगांतून तेच पाणी पोलादापर्यंत पोचते आणि तपकिरी ठिपके उमटतात.

काम सावलीत, धातू थंड असतानाच करावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा उन्हात लावलेले पॉलिश पुसण्याआधीच वाळून बसते. आधी गोड्या पाण्याने आणि सौम्य शॅम्पूने धूळ काढावी, कारण काळ्या मातीचे कण कपड्याखाली घासले की ओरखडे पडतात. शेजारच्या रंगावर मास्किंग टेप लावावी.

क्रोमचा थर मायक्रोनच्या अंशाइतकाच पातळ असतो, म्हणून त्यावर पॉलिश पेपर कधीच चालवू नये. हलका गंज असेल तर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवावी. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने मुलामा सहसा शाबूत राहतो. क्रोम सोलून निघाले असेल, तर पॉलिशने ते परत येत नाही. पुन्हा प्लेटिंग हाच उपाय. त्यातली क्रोमिक आम्ले विषारी असतात, तेव्हा हे काम सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यालाच द्यावे.

जुन्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीवर बहुधा अ‍ॅनोडायझिंगचा कडक थर असतो. तो डागाळला, की वरून कितीही घासले तरी धुरकटपणा जात नाही. आधी थरच काढावा लागतो. त्यासाठी पट्टी गाडीवरून उतरवून कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात थोडा वेळ ठेवतात. सोडा नेहमी पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये. हातमोजे आणि चष्मा घालावा, काम उघड्यावर करावे. निघणारे बुडबुडे ज्वालाग्राही हायड्रोजनचे असतात. थर जाताच पट्टी भरपूर पाण्याने धुवावी. मग ६००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे पेपर पाण्यासह क्रमाने एकाच दिशेने चालवावेत. आधीच्या नंबरचे ओरखडे दिसेनासे झाल्याशिवाय पुढचा नंबर घेऊ नये. शेवटी कापडी चाकावर बफिंग करावे. उघड्या झालेल्या धातूला मेणाचे कोटिंग हवेच.

स्टेनलेस सर्वांत दयाळू धातू आहे. त्यावर मुलामा नसतो, म्हणून पोचा मागून हलक्या हाताने ठोकून काढता येतो आणि बफिंगच्या हिरव्या साबणाने चमक पुन्हा पुन्हा आणता येते.

पुढची निगा याहून स्वस्त आहे. अकोल्याला काटेपूर्णा आणि अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचे गोडे पाणी मिळते. खारपाणपट्ट्यात साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. धुतल्यावर पट्ट्या लगेच कोरड्या कराव्यात आणि पावसाळ्याआधी मेण चढवावे. अशा जुन्या गाड्यांपैकी कुर्ल्यातील प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले, तर उत्तरपाड्याच्या अ‍ॅम्बेसेडरचे २०१४ मध्ये. त्यांची मूळ पट्टी आता नव्याने बनत नाही. म्हणून कमीत कमी धातू घासणारा उपायच आधी करून पाहावा.