ओट्याला लिंबू? नो वे!

नवा फ्लॅट, चकाचक ओटा... आणि दोन महिन्यांत नळाभोवती पांढरं रिंगण! ते घालवायला तुमचा हात ॲसिडच्या बाटलीकडे जात असेल, तर एक मिनिट थांबा. आधी ओटा कोणत्या दगडाचा आहे ते तर बघा!

सोमवार ते शनिवार वाळूज नाहीतर शेंद्रा. ओट्याकडे नीट लक्ष जातं ते थेट रविवारी. गॅसजवळ तेलाचा काळपट डाग, मिक्सरखाली हळद, सिंकच्या कडेला पांढरा थर. मग सुरू होतं क्लीनिंग मिशन! कुणी आईला फोन लावतं, कुणी नेटवर शोधतं. दोन्हीकडून उत्तर एकच, लिंबू नाहीतर व्हिनेगर. आईचं चुकत नाही हं. तिनं लिंबा-चिंचेनं आयुष्यभर पितळेची भांडी लखलखीत ठेवली. पण ओटा म्हणजे पितळेचा डबा नव्हे. घासून घासून थर जातो आणि त्याच्याबरोबर दगडाची चमकही जाते.

मग वाटतं, दगडच डुप्लिकेट निघाला, बदलून टाकू. भाड्याचं घर असेल तर डिपॉझिटमधून किती कापले जातील याचं टेन्शन वेगळंच. खरं सांगायचं तर दगडी ओटा रोजच्या वापरानं सहसा बिघडत नाही. त्याची वाट लागते ती चुकीच्या सफाईनं!

दगडाची कुंडली

आपल्या पायाखाली बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण. वेरूळचं कैलास लेणं त्यातच कोरलंय, आजीचा पाटा-वरवंटाही त्याचाच. ओट्याचा दगड मात्र आपल्याकडे बाहेरगावाहून येतो. तसा हा शिरस्ता जुनाच म्हणायचा. सतराव्या शतकातल्या बीबी का मकबऱ्यासाठी संगमरवर थेट राजस्थानातून आणला होता. तोही खालच्या भागाला आणि घुमटाला. बाकी बरंचसं काम बेसाल्ट आणि चुन्याच्या गिलाव्यावर भागवलंय.

स्वयंपाकघरात मुख्यतः तीन पाहुणे भेटतात. पहिला काळा कडप्पा, आंध्रातला. जुन्या सिडकोतल्या घरांत ओटा आणि खालचे कप्पे याचेच. दुसरा संगमरवर, राजस्थानचा. दिसायला देखणा, पण नखरेल. तिसरा ग्रॅनाइट. जेट ब्लॅक, टॅन ब्राउन, चांदणीसारखे ठिपके असलेला ब्लॅक गॅलेक्सी... हे सगळे बहुतेक दक्षिणेतले.

दिसायला कडप्पा आणि काळा ग्रॅनाइट भाऊ-भाऊ, स्वभाव मात्र एकदम उलटे. कडप्पा हा चुनखडीचा दगड. संगमरवरही त्याच कुळातला. आंबट लागलं की दोघंही विरघळायला लागतात. ग्रॅनाइट आंबटाला सहसा दाद देत नाही आणि सुरीलाही नाही. (सुरीच बोथट होते!)

ओळखायचं कसं? इथे लिंबाचा एकदाच उपयोग करा. सिलिंडरच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात रसाचा एक थेंब टाका. पाच मिनिटांनी पुसून कोरडं करा. निस्तेज ठिपका उरला तर दगड चुनखडीच्या घराण्यातला. काहीच झालं नाही तर बहुधा ग्रॅनाइट.

पांढऱ्या थराचं गुपित

काही दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्याची या शहराला वर्षानुवर्षं सवय आहे. मग बोअर आहे, टँकर आहे. हे पाणी बहुतेक वेळा जड असतं. थेंब वाळतो, क्षार मागे राहतात. नळाभोवतीचं पांढरं रिंगण ते हेच.

आता खरी गंमत. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा आणि कडप्पा, संगमरवरही त्याचेच! म्हणजे थर खाणारं ॲसिड ओटाही खाणार. इथे थर संपला, इथे दगड सुरू झाला, हे त्याला कळतच नाही. बाथरूमचं ॲसिड तर स्टीलच्या सिंकलाही सोडत नाही.

मग करायचं काय? ओलं फडकं अर्धा तास थरावर ठेवा आणि जुन्या प्लॅस्टिक कार्डानं हळूहळू खरवडा. ग्रॅनाइट असेल तर ब्लेड आडवं धरून चालवलं तरी चालतं. आणि गळका नळ आधी दुरुस्त करा राव! वायसर बदलणं हे ओट्याला पॉलिश करण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

ओट्याचा फेसपॅक

तेलाचा डाग दगडात मुरलेला असतो. वरून कितीही घासा, तो ढिम्म! त्याला लेपच लागतो. हसू नका, ताजमहालचा पिवळेपणा घालवायला पुरातत्त्व खात्यानं १९९४ पासून अनेकदा मातीचा लेपच लावलाय.

घरचा फॉर्म्युला सोपा आहे. खायचा सोडा पाण्यात दाट कालवा, डागावर अर्धा सेंटीमीटर थर द्या, वर पातळ प्लॅस्टिक घालून कडा टेपनं बंद करा. चोवीस तासांनी प्लॅस्टिक काढा आणि लेप पूर्ण वाळू द्या. वाळताना तो तेल वर ओढतो. जुना डाग असेल तर दोन-तीन राउंड लागतात.

हळदीच्या डागावर साबण किंवा सोडा लावला की तो लाल होतो. घाबरू नका, हळदीत चुना घातला की कुंकवाचा रंग येतो, तसलाच हा प्रकार. पांढऱ्या संगमरवरावर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसानं लावून बघा. काळ्या दगडावर ते नको, रंग फिका पडू शकतो.

टवका उडाला? चीर पडली?

नारळ ओट्याच्या कडेवर फोडणं हा आपला राष्ट्रीय छंद. टवके उडतात ते तिथेच! छोटा टवका ॲराल्डाइटसारख्या दोन ट्यूबच्या इपॉक्सीत त्याच रंगाची दगडाची भुकटी मिसळून भरता येतो. चोवीस तासांनी ब्लेडनं लेव्हल करा, लांबून कळणारही नाही.

चीर मात्र सीरियस मॅटर. ती बहुतेक सिंकच्या किंवा शेगडीच्या कापाजवळ पडते, कारण तिथे दगडाची पट्टी सगळ्यात अरुंद असते. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे काढायला आपण नेमके तिथेच चढतो! चीर दिसली की मिस्त्रीला बोलवा. आधी खालून आधार, मग वरून भराई. क्रम उलटा झाला तर पैसे पाण्यात.

पॉलिशवाला येताना

चमक पार गेली असेल तर दगड न काढता जागेवरच पॉलिश होतं. मशीनला जाडसर पॅड लावून सुरुवात करायची आणि बारीक पॅडपर्यंत जायचं. जितका नंबर मोठा तितकं पॅड बारीक. शेवट ३००० नंबरवर होतो की मधल्याच नंबरवर, हे आधीच विचारा. रेट स्क्वेअर फुटाचा आहे का, कडेचं पॉलिश त्यात धरलंय का, हेही ठरवून टाका. आणि आधी एक कोपरा करून दाखवायला सांगा.

अजून एक. मशीन पाण्यासोबतच चालवायला सांगा. चिखल होईल, होऊ दे. ग्रॅनाइटच्या कोरड्या धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. ओटा काढून सध्या फॅशनमध्ये असलेला कृत्रिम क्वार्ट्झ बसवायचा विचार असेल, तर हेही माहीत असू द्या. त्यात सिलिका आणखी जास्त असते. कापणाऱ्या कामगारांच्या याच आजारामुळे ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदी घातली. तुमचा ओटा चमकावा, पण कुणाच्या श्वासाच्या बदल्यात नको!

डेली फंडा

• रात्री झोपण्यापूर्वी ओटा पुसून कोरडा करा. अर्धी लढाई इथेच जिंकली.
• कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, बस्स. तारेची घासणी नको.
• लिंबू, टोमॅटो, चिंच, कोकम चिरा-पिळायचं असेल तर खाली पाट किंवा ताटली ठेवा.
• गरम कुकर थेट दगडावर नको. एकाच जागी सारखी उष्णता बसली तर चीर जाऊ शकते.
• पाण्याचा थेंब दहा मिनिटं ठेवा. खाली दगड गडद झाला तर सीलर लावायची वेळ आली.

कडप्पाचा दगड डायनोसॉरच्या कितीतरी आधीचा. तो तुमच्या फोडणीला, तव्याला आणि सोमवारच्या घाईला सहज पुरून उरेल. लिंबू फक्त पोह्यांवर पिळा!