भावनांचे शिक्षण आणि शिक्षकाचा वेळ

शिक्षणविषयक परिपत्रकांतून व प्रशिक्षणवर्गांतून ‘भावनिक बुद्धिमत्ता’ हा शब्द अलीकडे वारंवार कानांवर पडतो. पीटर सॅलोव्ही व जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये या संकल्पनेची शास्त्रीय मांडणी केली आणि डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या ग्रंथाने ती सामान्य वाचकापर्यंत पोहोचविली. स्वतःच्या व दुसऱ्याच्या भावना ओळखाव्या आणि त्यानुसार आपले वर्तन सांभाळावे, एवढाच तिचा साधा अर्थ. वाशीमसारख्या जिल्ह्यात ही शहरी चैन वाटण्याचा संभव आहे. वास्तविक तिची निकड येथेच अधिक आहे.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा मुख्यतः पावसावर विसंबलेल्या शेतीवर जगतो. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत वाशीम होता; २०१८ मध्ये ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीतही त्याचा समावेश झाला. अर्थशास्त्राची कोष्टके येथे थांबतात. काढणीला आलेले सोयाबीन भिजले किंवा भाव कोसळला, की घरातील बोलणे तुटते आणि दुसऱ्या दिवशी तिसरीतील मुलगा शेजाऱ्याची वही विनाकारण फाडतो. त्याला वर्गाबाहेर उभे करणे सोपे असते. परंतु घरी काय घडले हे सांगण्यासाठी त्याच्याजवळ शब्दच नसतात. मानोरा, मंगरूळपीर भागातील बंजारा तांड्यांवर तर ही अडचण दुहेरी होते. घरची बोली गोरमाटी, शाळेची मराठी. मूल घाबरते, रुसते ते एका भाषेत आणि त्याने खुलासा करावा अशी अपेक्षा मात्र दुसऱ्या भाषेत! त्यातच हंगामात आईबाप कामासाठी बाहेरगावी गेले, की त्यांच्याबरोबर गेलेले मूल हजेरीपटावर केवळ ‘गैरहजर’ ठरते. आजीपाशी मागे राहिलेले मूल ‘हजर’ असते, पण त्याचे मन वर्गात नसते.

या दिशेने राज्यात काहीच घडले नाही, असे नव्हे. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा ‘मूल्यवर्धन’ उपक्रम २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या ५०० शाळांत सुरू झाला आणि पुढे शासनाच्या सहकार्याने राज्यात विस्तारला. सुविचार फळ्यावर लिहून घेण्याऐवजी मुलांनी जोडीने व गटाने काम करावे, एकमेकांचे ऐकावे, ही त्याची रीत योग्यच होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. २०२२ मध्ये प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री समिती’ नेमण्याचा आदेश निघाला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरचे प्रकरण घडल्यानंतर मात्र अनेक ठिकाणी ती कागदावरच असल्याचे आढळले. मार्च २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला. त्यात नातेसंबंध हाताळण्याचे कौशल्य रस्ता सुरक्षेच्या शेजारी बसविलेले आहे! तात्पर्य, योजनांची वाण नाही. वाण आहे ती शिक्षकाच्या वेळेची.

२००० सालचे नोबेल मानकरी अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी ज्या प्रयोगाचा बारकाईने अभ्यास केला, तो या संदर्भात उद्बोधक आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलांटी गावी १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय बालकांसाठी पेरी बालशाळा चालविण्यात आली. मुलांच्या बुद्ध्यंकात झालेली वाढ काही वर्षांत ओसरली. तरीही प्रौढपणी या मुलांची मिळकत इतरांहून अधिक आणि गुन्हेगारी कमी आढळली. हेकमन यांच्या मते हा लाभ प्रामुख्याने स्वभावाला व वर्तनाला लागलेल्या वळणाचा होता. या प्रयोगात शिक्षिका दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी जात असत, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

वाशीमच्या खेड्यांत हे कसे साधावे? पूर्वीचे गुरुजी गावात राहत, त्यामुळे कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे त्यांना न विचारता कळे. आज तालुक्याहून रोज अप-डाऊन करणाऱ्या शिक्षकाला दोष देणे निरर्थक आहे. त्यालाही मुलांचे शिक्षण आहे, म्हातारे आईवडील आहेत. दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळायचे आणि उरलेल्या वेळात ऑनलाइन माहिती भरायची. कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांची अशैक्षणिक कामे जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांपुरती मर्यादित केली आहेत. प्रत्यक्षात माहितीचे रकाने वाढतच असतात. ज्याचे स्वतःचे कोणी ऐकून घेत नाही, त्याने चाळीस मुलांचे ऐकावे अशी ही अपेक्षा आहे.

दुसरे साधन शाळेच्या दारातच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. परंतु सभा दुपारी भरली, तर मजुरीला गेलेली आई येणार कशी? तीच सभा संध्याकाळी तांड्यावर भरविता येईल. गोरमाटी व मराठी दोन्ही जाणणारी एखादी आई पहिलीच्या वर्गात सुरुवातीचे काही महिने बसली, तर मुलाचे रडणे शिक्षकाला उमगेल.

खर्चाचा हिशेबही अवघड नाही. चाळीस मुलांच्या शाळेत प्रत्येक घरी वर्षातून दोन भेटी, प्रत्येकी अर्ध्या तासाची, म्हणजे एकूण चाळीस तास. दोन शिक्षकांत वाटले तर प्रत्येकी वीस. जाण्यायेण्याचा वेळ निराळा. हे तास अध्यापनाचेच मानून वार्षिक नियोजनात धरावे लागतील, आणि पहिली भेट सोयाबीनची काढणी आटोपून कुटुंबे बाहेर पडण्याच्या आधी व्हावी लागेल.