ख्रिस्तप्रसाद-निषेध
रोमन कॅथलिक चर्चच्या धर्मविधीनुसार विशिष्ट परिस्थितीत कॅथलिक व्यक्तीस ख्रिस्तप्रसाद, म्हणजे कम्यूनियन, न देणे. मिस्सेतील भाकर व द्राक्षरस यांच्या रूपांत ख्रिस्त प्रत्यक्ष उपस्थित असतो, अशी कॅथलिकांची श्रद्धा असल्याने हा निषेध अत्यंत गंभीर मानला जातो. सत्ताधाऱ्यांच्या संदर्भातील त्याचे प्राचीन उदाहरण सम्राट पहिला थीओडोशियस याचे होय. इ. स. ३९० मधील थेसालोनायकाच्या हत्याकांडानंतर मिलानचा बिशप संत अँब्रोझ याने प्रायश्चित्त घेईपर्यंत त्यास या संस्कारापासून दूर ठेवले.

१९८३ च्या धर्मविधिसंहितेतील तीन कलमे या बाबतीत महत्त्वाची आहेत. कलम ९१२ प्रमाणे विधीने मनाई नसलेल्या प्रत्येक बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीस प्रसाद दिलाच पाहिजे. कलम ९१६ अन्वये गंभीर पापाची जाणीव असलेल्याने, एरवी, पापनिवेदनाविना तो घेऊ नये; हा निर्णय ज्याच्या त्याच्या सदसद्‌विवेकावर सोपविलेला आहे. कलम ९१५ मात्र प्रसाद देणाऱ्यास उद्देशून आहे : बहिष्कृत व्यक्तींना, तसेच उघड व गंभीर पापात हट्टाने राहणाऱ्यांना प्रसाद देऊ नये, असे ते सांगते.

गर्भपातास कायदेशीर मान्यता देणाऱ्या लोकप्रतिनिधीस हे कलम लागू होते काय, याविषयी धर्मविधिज्ञांत मतभेद आहेत. असे मतदान म्हणजे उघड सहभागच होय व मौनामुळे श्रद्धावंतांची दिशाभूल होते, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार कायद्यास मत देणे व प्रत्यक्ष कृत्य करणे यांत अंतर आहे. शिवाय हक्कांस मर्यादा घालणाऱ्या नियमांचा अर्थ कलम १८ प्रमाणे संकुचितच लावला पाहिजे.

अमेरिकेत १९८९ मध्ये सॅन डिएगोचे बिशप लीओ मार यांनी ल्यूसी किलीआ यांना प्रसाद नाकारला. तथापि राज्य सीनेटची निवडणूक त्या जिंकल्या. २००४ मध्ये जॉन केरी यांच्या उमेदवारीच्या वेळी तेथील बिशपांच्या परिषदेने हा निर्णय प्रत्येक बिशपवर सोपविला. मे २०२२ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोचे आर्चबिशप साल्व्हातोर कॉर्डिलिओन यांनी नॅन्सी पलोसी यांना आपल्या धर्मप्रांतात मनाई केली. परंतु जूनमध्ये व्हॅटिकनमधील मिस्सेत त्यांना प्रसाद मिळाला. एकाच विधीचे असे भिन्न उपयोजन होत असल्याने, संस्काराचे पावित्र्य राखताना तो राजकीय दबावाचे साधन होऊ नये, हा प्रश्न चर्चपुढे कायम आहे.