फेशमधील मंचांचे वेळापत्रक
फेश ही पारंपरिक आयरिश नृत्याची स्पर्धा होय. तीत वयोगट, प्रावीण्यस्तर व नृत्यप्रकार (रील, स्लिप जिग, ट्रेबल जिग, हॉर्नपाइप इत्यादी) यांनुसार अनेक स्पर्धा एकाच दिवशी निरनिराळ्या मंचांवर होतात. प्रत्येक मंचावरील स्पर्धांचा क्रम आधी जाहीर केला जातो. निश्चित वेळ मात्र बहुधा पहिल्या स्पर्धेचीच दिलेली असते. एक स्पर्धा संपली की पुढची सुरू होते, त्यामुळे नंतरच्या स्पर्धांच्या वेळा अंदाजाने काढाव्या लागतात.

प्राथमिक स्तरांवर सामान्यतः दोन किंवा तीन स्पर्धक एकाच वेळी नाचतात. म्हणून अंदाज बांधताना फेऱ्या मोजतात. उदाहरणार्थ, २४ स्पर्धक जोडीने नाचल्यास १२ फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीस दीड मिनिट धरल्यास १८ मिनिटे लागतात. रांग लावणे, परीक्षकांचे गुणलेखन व विश्रांती यांचा वेळ त्यात मिळवावा लागतो. याउलट, नोंदणी केलेले काही स्पर्धक अनुपस्थित राहिल्यास स्पर्धा अंदाजापेक्षा लवकर सुरू होते.

मऊ पादत्राणे काढून कठीण तळाची पादत्राणे घालण्यासही वेळ लागतो. एकाच स्पर्धकाची पाळी दोन मंचांवर एकाच सुमारास येणार असल्यास मंचावरील स्वयंसेवकास आगाऊ कळवणे हितावह असते. अन्यथा पाळी हुकण्याचा संभव असतो.